मराठवाड्यात रीफ टँक: कोरल आणायच्या आधी टँकला एक मे महिना दाखवा

नांदेड असो, लातूर असो नाहीतर संभाजीनगर, रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचं म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला, कोणतं कोरल घेऊ. भाऊ, ते सगळ्यात शेवटचं काम आहे. आणि दुसरं, सगळे सांगतात दिवाळीनंतर थंडीत सुरू करा म्हणजे सोपं जातं. मला हे अजिबात पटत नाही. थंडीत सुरू केलं की डिसेंबरात कोरल येतं, जानेवारीत मस्त फुलतं, सगळ्यांना फोटो जातात आणि एप्रिल-मेमध्ये त्याच टँकचं पाणी ३२-३३ डिग्रीला गेलं की सगळं पांढरं. त्यापेक्षा उलटं करा. शिमग्याच्या आसपास टँक भरा, एप्रिलमध्ये सायकल (घाण पचवणारे जीवाणू टँकमध्ये तयार होणं) होऊ द्या, मे महिना टँकला नुसत्या दगड-वाळूवर काढू द्या, आणि पहिलं कोरल जुलैत आणा, पाऊस पडून घर थंड झाल्यावर. उन्हाळ्यात जे काय बिघडायचं ते बिघडू द्या, आत मरायला काही नसतं.

मी इथं ३ फूट बाय दीड बाय दीडचा टँक धरून लिहायलोय, दगड-वाळू टाकून त्यात दीडशेक लिटर पाणी बसतं. यापेक्षा लहान घेऊ नका, आपल्या हवेत लहान टँक फार पटकन तापतो. जागा निवडताना पश्चिमेची भिंत सोडा आणि जमत असलं तर वरच्या मजल्याची खोलीच सोडा, कारण मेमध्ये स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकत असतो, पत्र्याच्या खोलीचं तर नावच काढू नका. खालच्या मजल्यावरची उत्तरेची नाहीतर पूर्वेची खोली बेस्ट. स्टँड लेव्हलमध्ये पाहिजे, सगळं मिळून वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं.

आता पाणी. बोअरचं पाणी मीटर लावून बघा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजाराच्या वर दिसला तर नवल नाही, त्यात आपल्याकडच्या भूजलात नायट्रेटची तक्रार जुनी आहे. हे पाणी टँकमध्ये गेलं की शेवाळाला आयतं खत. टँकरचं पाणी तर आज एका विहिरीचं उद्या दुसऱ्या, त्याचा काहीच भरवसा नाही. नळाचं असलं तरी त्यात क्लोरीन असतं. म्हणून आरओ आणि त्याच्यापुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लागतंच, बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य, फार तर एक-दोन. घरातला प्यायचा आरओ चालंल का तर तसाच नाही चालत, कारण चवीसाठी त्यात मुद्दाम क्षार ठेवलेले असतात, मिनरलचं कार्ट्रिज आणि टीडीएस ॲडजस्टर बायपास करून पुढं डीआय जोडलं तर चालतं. वीस लिटरचा जार आणून ओततात काहीजण, आधी मीटर लावा, बऱ्याचदा पन्नासच्या वर असतो. एक लिटर आरओ पाण्यामागं दोन-तीन लिटर वाया जातं आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना ते मोरीत सोडवत नाही, तर ते फरशी, बाथरूम, गाडी धुवायला ठेवा, कूलरमध्ये नको, पॅडवर क्षार बसतात. आणि महत्त्वाचं, आरओचं पाणी तांब्याच्या हंड्यात, पितळी घागरीत अजिबात साठवू नका. तांबं आपल्याला चालतं, कोरल आणि गोगलगाईला ते विष आहे. फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम घ्या, आणि तो खताचा किंवा फवारणीच्या औषधाचा जुना ड्रम नसावा एवढं बघा.

मीठ म्हणजे रीफ टँकसाठी तयार मिळतं ते रीफ सॉल्टच. स्वयंपाकाचं नाही, जनावरांच्या चाटणाचं नाही, आणि लोणारचं पाणी आणू का असं गंमतीनं विचारणारा एकतरी मित्र भेटतोच, तर ते पाणी सोड्याचं, भयंकर अल्कधर्मी, समुद्राचा आणि त्याचा संबंध नाही. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम धरा, म्हणजे आपल्या टँकला साडेपाच-सहा किलो. पहिल्या वेळी टँक रिकामा असतो म्हणून आतच कालवलं तरी चालतं, नंतर मात्र कायम वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून कालवायचं, जीव असलेल्या टँकमध्ये कोरडं मीठ टाकायचं नाही. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे घनता १.०२५-१.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा थेंब टाकून खारटपणा बघायचं यंत्र) घ्या आणि तो साध्या पाण्यानं नाही तर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणानं सेट करा. ते प्लास्टिकचं काट्याचं हायड्रोमीटर स्वस्त आहे, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा.

दगड कोरडा रीफ रॉक नाहीतर मानवनिर्मित, वाळू अरागोनाईटची (समुद्री चुनखडीची). गोदावरीची वाळू नको, शेतातला काळा पाषाण पण नको, समुद्राच्या दगडासारखी छिद्रं त्यात नसतात आणि सायकलचं सगळं काम त्या छिद्रांतले जीवाणू करतात. दगड आधी काचेवर बसवा, वाळू नंतर, नाहीतर पुढं कुणी वाळू उकरली की ढीग काचेवर.

सायकलसाठी अमोनियाचा सोर्स लागतो. कोळंबी टाकून सडवायची पद्धत जुनी आहे, पण घरात माळकरी मंडळी असली तर त्या वासानं तुम्हाला टँकसकट बाहेर काढतील. अमोनियम क्लोराईड घ्या. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे तेच रसायन, म्हणून लोकं विचारतात खडा टाकू का, पण बाजारातल्या खड्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, शुद्ध घ्या. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्या, बाटलीतले जीवाणू टाका, लाइट बंद ठेवा आणि वाट बघा. आधी अमोनिया खाली येतो, मग नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट उरतं. चार ते सहा आठवडे धरा, आपल्या एप्रिलच्या गरम पाण्यात जरा लवकर पण होतं. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर सायकल झाली समजा, मग अर्धं पाणी बदला. नंतर गोगलगाई आणि क्लाऊन फिशची जोडी चालते, पण मी तर म्हणतो मासे पण जूनपर्यंत थांबवा, तोवर दोन दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकून जीवाणू जिवंत ठेवायचे.

आता मे, यासाठीच सगळा खटाटोप. एक वही करा आणि सकाळी सात, दुपारी चार, रात्री अकराला पाण्याचं तापमान लिहा. कोरलला पाहिजे २५-२६, थोड्या वेळासाठी २७-२८ पण चालून जातं. समुद्रात सुद्धा नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा डिग्री जास्त काही आठवडे राहिला की कोरल आतलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं, २०२४ ला लक्षद्वीपला तेच झालं. आपल्याकडं बाहेर ४२ असताना खोली ३५ ला जाते. पण आपली एक जमेची बाजू आहे जी मुंबईवाल्यांकडं नाही, कोरडी हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन ते चार डिग्री उतरतं, वरचं काचेचं झाकण काढून जाळी लावायची. फक्त त्याच बंद खोलीत कूलर चालू असला तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम जातो, म्हणजे एकतर कूलर दुसऱ्या खोलीत नाहीतर खिडक्या उघड्या. पंखा लावून पण दुपारी चारचा आकडा २९-३० च्या खाली येत नसला तर चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) नाहीतर एसी लागणार हे मेमध्येच कळतं, आणि ते पैसे नसतील तर कोरलचा नाद सोडून नुसते मासे ठेवा, यात काही कमीपणा नाही. चिलर घेतला तर त्याची गरम हवा खिडकीबाहेर जायला पाहिजे, नाहीतर तो खोलीच तापवत बसतो.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. दीडशे लिटरमधून पाच लिटर उडालं की मीठ तेवढंच राहतं आणि खारटपणा ३५ वरून ३६ च्या पुढं. उडालेल्या जागी गोडं आरओ पाणीच घालायचं, खारं नाही, हे नवीन माणूस हमखास विसरतो. हाताने रोज भरणं मेमध्ये झेपत नाही, ऑटो टॉपअप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा पंप) लावा. हिवाळ्यात उलटं, परभणीत पारा एक आकडी येतो, तेव्हा हीटर लागतोच.

लाइट जायचं तर काय सांगायचं. दहा वॅटचा वेव्हमेकर (पाणी फिरवत ठेवणारा पंखा) आणि हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर घ्या, रात्रभर चालतात. चिलर, हीटर, टँकचा लाइट त्यावर नको. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात पाणी थांबलं की काही तासांत खेळ खलास. वायर सॉकेटच्या खालून वळवून घ्या म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जात नाही, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नसेल तर खाऱ्या पाण्यात हात घालूच नका.

जूनमध्ये लाइट सुरू करा, आधी सहा तास. मग काचेवर-वाळूवर तपकिरी थर येतो, घाबरू नका, ते डायटम नावाचं शेवाळ, काही आठवड्यांत जातं, नंतर हिरवं येतं, ते गोगलगाई खातात. या काळात टेस्ट किट घेऊन आठवड्याला बघायचं: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. नायट्रेट शून्य आलं की लोकं खूश होतात, ते चुकीचं आहे. ५ ते १० नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ फॉस्फेट पाहिजे, दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी चिकट शेंबूड येतो आणि तो काढणं लई अवघड. एकदा आकडा बरोबर आला यात काही नाही, लागोपाठ तीन आठवडे अल्कलिनिटी अर्ध्या पॉइंटच्या आत राहिली पाहिजे.

कोरल कोणतं, आता सांगतो. मशरूम, झोआ, लेदर, केनिया ट्री ही मऊ कोरलं, बस. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून दगडी सांगाड्याचे सगळे कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. दुकानदार हॅमर, टॉर्च दाखवून भुलवतो, ते सगळं दगडी कोरलमध्येच येतं, तिकडं जाऊ नका. मालवण-तारकर्लीच्या सहलीतून दगड उचलून आणणं पण नकोच. जे घ्याल त्याचं बिल घ्या. आणि झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते असलेला दगड उकळू नका, ब्रशनं घासू नका.

कुर्ल्याहून नाहीतर पुण्याहून ट्रॅव्हल्सनं डबा येतो, थर्माकोलचा, रात्रीचाच मागवा आणि डिक्कीत इंजिनच्या बाजूला ठेवू नका म्हणून कंडक्टरला सांगा. घरी आल्यावर खोलीतला लाइट मंद, टँकचा लाइट बंद, पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या. मग वेगळ्या बादलीत टँकच्या पाण्यात कोरल डिप (किडे पाडायचं औषध), बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ, हलवून किडे पाडायचे, बुडाशी आयप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) दिसला तर कोरल चिकटवलेला तो प्लगच काढून टाका. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. कोरल आधी खाली वाळूवर, लाइट निम्म्यावर, आणि मग दर आठवड्याला १०-१५ टक्के वाढवत न्या. हात धुताना साबण नको, आणि फवारणी करून आलेल्या माणसाला तर टँकजवळ येऊच देऊ नका, मच्छरचा स्प्रे पण त्या खोलीत बंद, उदबत्ती दुसऱ्या खोलीत. झोआ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडतं. लेदर मात्र आठवडाभर मिटून बसतं, अंगावर मेणासारखी साल येते, मेलं म्हणून बाहेर काढू नका, जागा पण हलवू नका, वेव्हमेकर जरा त्याच्या बाजूला वळवा, साल आपोआप निघते.