आंबा पल्पच्या कारखान्याला अन्नसुरक्षा प्रमाणपत्र: कशासाठी, कधी आणि कसं

रत्नागिरी-देवगडकडच्या पल्प कारखान्यात आयएसओ २२००० चा, म्हणजे अन्नसुरक्षा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, विषय निघतो तो बहुतेक वेळा खरेदीदारामुळे. आइस्क्रीम कंपनी असो, आखातात माल पाठवणारा निर्यातदार असो, आधी प्रमाणपत्र मागतात आणि भावाचं मग बोलतात. प्रत्येक पुरवठादाराकडे जाऊन स्वतः तपासणी करणं त्यांना जमत नाही. आपल्यालाही ऐन मे महिन्यात चार खरेदीदारांचे चार ऑडिटर सांभाळण्यापेक्षा एक ऑडिट परवडतं.

दुसरं कारण फारसं कुणी बोलत नाही, पण पैशाच्या हिशोबात तेच मोठं आहे. दुकानातून फुगलेला डबा परत आला आणि तो कोणत्या दिवसाचा, कोणत्या पाळीचा हे सांगता आलं, तर तेवढी बॅच उचलून विषय संपतो. सांगता आलं नाही, तर अख्ख्या हंगामाचा माल संशयात जातो. मासळीवाल्यांनी याचा मोठा अवतार पाहिलाय. १९९७ मध्ये युरोपने भारतीय मासळीची आयात थांबवली, तेव्हा ज्याची चूक नव्हती त्याचाही माल अडकला.

आधी एक घोळ मिटवू. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना कायद्याने लागतोच, तो प्रमाणपत्र नव्हे. हापूसचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आंबा कुठला ते सांगतं, डब्यातला पल्प सुरक्षित आहे की नाही हे नाही. आयएसओ २२००० किंवा त्यावरच आधारलेलं, जादा अटींचं एफएसएससी २२००० हे ऐच्छिक, आणि ते आयएसओ स्वतः देत नाही, प्रमाणन संस्था देते. कोणतं हवं ते खरेदीदाराकडून लेखी घ्या. एफएसएससी मागणाऱ्याला नुसतं आयएसओ २२००० चालत नाही. संस्थेला एनएबीसीबी (प्रमाणन संस्थांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) किंवा तत्सम मंडळाची मान्यता आहे ना, तेही बघा. ‘आठ दिवसांत आयएसओ’ म्हणणाऱ्या एजंटचा कागद भिंतीवर शोभतो, खरेदीदाराकडे चालत नाही.

कोकणातली खरी अडचण कॅलेंडरची आहे. ऑडिटरला उत्पादन चालू असताना बघायचं असतं आणि पल्पचा हंगाम एप्रिल-मेपुरता. म्हणून उलटं मोजा. मुख्य, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं ऑडिट मेच्या पहिल्या पंधरवड्यात. कागदपत्रांचा पहिला टप्पा फेब्रुवारी-मार्चमध्ये. संस्थेशी करार आणि इमारतीची कामं दिवाळीनंतर लगेच. दुसऱ्या टप्प्याआधी एक अंतर्गत ऑडिट आणि मालकाने बसून घेतलेला व्यवस्थापन आढावा झालेला असावा लागतो. मे हुकला तर पुढच्या आंब्यापर्यंत थांबा.

इमारतीत पहिली नजर भिंतींवर जाते. जांभ्याची उघडी भिंत प्रक्रिया विभागात चालत नाही. तिच्या भोकांत ओल आणि बुरशी धरते, माती झडते. गिलावा करून टाइल्स लावा किंवा धुता येणारा रंग द्या. ट्यूबलाइटला कव्हर, खिडक्यांना जाळी. खिळे मारलेल्या लाकडी पेट्या आंबा उतरवण्याच्या जागेपुढे येऊ देऊ नका, तिथून पुढे प्लास्टिक क्रेट. विहिरीचं पाणी तपासायला पाठवाल तर पावसाळ्यानंतरचा एकच नमुना पुरत नाही. मेमध्ये विहीर तळाला जाते, किनाऱ्यालगत पाणी मचूळ होतं, आणि कारखान्याला पाणी तेव्हाच सर्वांत जास्त लागतं.

मग धोक्यांचं विश्लेषण, म्हणजे हॅसप. आंबा आत येताना विचारायचं की तो आढीत पिकवला की रसायनाने. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. बागायतदाराकडून तसं लेखी घ्या. पुढे तीन जागी डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

पहिली पीएचची, म्हणजे आंबटपणाच्या मापाची; आकडा जितका कमी तितका रस आंबट. पीएच ४.६ च्या खाली हवा, कारण त्याच्या वर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला डब्यात वाढायला वाव मिळतो. हापूसचा रस साधारण ४ च्या आसपास असतो, पण फार पिकलेल्या फळाचा वर सरकतो. म्हणून स्वतःची मर्यादा थोडी खाली ठेवा आणि गरजेप्रमाणे सायट्रिक आम्ल घाला. पीएच मीटर रोज ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर, जुळवून घ्या.

दुसरी जागा उष्णतेची. तापमान आणि वेळ तुमच्या डब्याच्या आकारासाठी तज्ज्ञाकडून ठरवून घ्या. ८५० ग्रॅमच्या डब्याची वेळ ३.१ किलोच्या डब्याला लावली तर मधला पल्प पुरेसा तापत नाही.

तिसरी सीमरची, म्हणजे डब्याला झाकण बसवणाऱ्या यंत्राची. डबा थंड होताना आत पोकळी तयार होते आणि कडेचा जोड जरा सैल असला तरी बाहेरचं पाणी ओढलं जातं. म्हणून थंड करायच्या पाण्यात क्लोरिन हवं, आणि ते डब्यांवरून वाहून गेलेल्या पाण्यातही शिल्लक सापडलं पाहिजे. जोड कापून मोजायची सवय लावा, नुसतं बोट फिरवून कळत नाही. डबा ३८ ते ४० अंशांवरच बाहेर काढा. पूर्ण गार केला तर आपल्या दमट हवेत तो वाळत नाही आणि जुलैपर्यंत गंज चढतो.

नोंदी तपासताना ऑडिटर आकड्यांआधी अक्षर बघतो. महिनाभर एकाच पेनाने, एकाच हाताने, दर अर्ध्या तासाला ९२ अंश लिहिलेलं असलं की त्याला कळतं, हे शेवटच्या दिवशी बसून भरलंय. वीज गेली, तापमान ८४ ला आलं, तो लॉट बाजूला काढला आणि पुन्हा तापवला, अशी काळवंडलेल्या कागदावरची नोंद शंभर पटीने बरी.

ऑडिटआधी एकदा परतीची तालीम करा. गोदामातला कुठलाही डबा उचला. त्यावर ‘१२०५-सकाळ-२’ असेल तर १२ मेची सकाळची पाळी, दुसरा कूकर. त्यावरून कोणत्या बागांचे क्रेट आले आणि त्या बॅचचे बाकीचे डबे कुठे गेले, हे चार तासांत कागदावर आलं पाहिजे. आलेला आंबा आणि पल्प, साल, कोय, फेकलेलं यांची बेरीज जुळवा. बहुतेक ठिकाणी तालीम अडते ती आंबा उतरवतानाच, कारण दोन बागांचे क्रेट एकाच थप्पीत मिसळलेले असतात.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, दर वर्षी देखरेख ऑडिट होतं, तेही हंगामातच मागून घ्या. त्यावरची व्याप्तीची ओळ छापण्याआधी नीट वाचा. तिथे फक्त ‘आंबा पल्प’ असेल तर त्याच छपराखाली केलेलं कोकम आगळ आणि फणसपोळी त्यात धरली जात नाही. ती नंतर वाढवायची तर पुन्हा ऑडिट आणि पुन्हा फी.