ट्रकचा सायलेन्सर कसा निवडावा आणि एक्झॉस्टची लाईन कशी टाकावी

दसरा सरला की गेवराईच्या हायवेला आमच्या गॅरेजसमोर गाड्या लागायला सुरुवात होते. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत, जिनिंगला कापूस यायच्या आत गाडी तयार पाहिजे असते. एक्झॉस्टचं, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाईपांचं आणि सायलेन्सरच्या डब्याचं, काम घेऊन आलेला मालक खाली उतरला की पहिला प्रश्न विचारतो, "आवाज कसा येईल?" मी त्याला उलट विचारतो, "गाडीत काय भरता?" लाईन कुठून न्यायची, तोंड कुठं काढायचं, डबा कुठं टांगायचा, हे सगळं मालावर ठरतं. आवाजाचा नंबर शेवटी लागतो.

त्याआधी बीएस सिक्सचं, म्हणजे गाडीच्या धुराच्या नव्या सरकारी नियमांचं, मिटवून टाकू. १ एप्रिल २०२० पासून नोंदणी झालेल्या नव्या गाड्या बीएस सिक्सच्या आहेत. त्यांचा तो मोठा डबा म्हणजे साधा सायलेन्सर नाही. आत काजळी अडवणारा फिल्टर आहे, ३२.५ टक्के युरियाचं पाणी मारून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड (नॉक्स) मोडणारा भाग आहे, तापमानाचे आणि नॉक्सचे सेन्सर आहेत. "डबा कापून सरळ पाईप टाकून देतो" असं कुणी म्हणालं, तर गाडी चालू करून तिथून निघा. सेन्सरचा मेळ बसला नाही की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं आणि भरलेली गाडी चढाला उभी राहते. कायद्याचा भाग वेगळाच. त्या गाड्यांत फ्लेक्सिबल (लाईनमधला घड्यांचा, वाकणारा तुकडा), क्लॅम्प (जोड आवळणारा पट्टा) आणि हँगर (लाईन टांगणारा आधार) शाबूत ठेवणं एवढंच आपलं काम. आणि एक कळकळीची विनंती: रिजनरेशनचं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून टाकायचं, बटण उसाच्या फडात किंवा जिनिंगच्या आवारात दाबू नका. फिल्टरमधली काजळी जळताना आत ६०० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि खाली वाळलेलं पाचट असतं. गाडी मोकळ्या मुरमावर घ्या, मग बटण दाबा.

पुढचं सगळं अशा जुन्या गाड्यांसाठी, ज्यांत सायलेन्सर हा फक्त सायलेन्सर असतो.

तोंड कुठं काढायचं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११२ वा नियम सांगतो की धूर सरळ खाली सोडायचा नाही आणि डावीकडे सोडायचा नाही. मागे किंवा उजवीकडे सोडायचा. डावीकडे रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं असतात, आणि खाली सोडला तर आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यावर मागच्या गाडीला काही दिसत नाही.

ऊस, कापूस, कडबा, सोयाबीनचं भुसकट, असला माल असेल तर केबिनमागचा उभा पाईप विसरा. दिसायला तो रुबाबदार असतो, पण ताडपत्रीचं टोक सुटून त्याला लागलं की काय होतं हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तसा पाईप लावत नाही. चढाला भरल्या गाडीत टर्बोच्या (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) पुढचा पाईप ४०० अंशांच्या आसपास तापतो. कापसाला धुमसायला तेवढं पुष्कळ झालं, आणि कापूस आत धुमसत राहतो, ज्वाळा उशिरा दिसते. अशा गाड्यांना तोंड उजवीकडे, मागच्या चाकाच्या अलीकडे आणि हौद्याच्या कडेच्या आत ठेवा. कडेच्या बाहेर काढलेलं तोंड उसाच्या फडात पहिल्याच बांधाला चेमटतं.

जालन्याहून सळई भरणाऱ्या गाड्यांना आगीची भीती कमी, पण चढाला ताकद जास्त लागते. त्यांची लाईन जमेल तेवढी सरळ ठेवा. पेट्रोल-डिझेलचे टँकर आणि धोकादायक मालाच्या गाड्यांना स्पार्क अरेस्टर (धुरातली ठिणगी अडवणारा भाग) सक्तीचा आहे. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

डिझेलच्या पाईपापासून एक्झॉस्ट किमान ३५ मिलिमीटर लांब हवा असं ११३ वा नियम सांगतो. मी चार बोटांपेक्षा कमी कधी ठेवत नाही. ब्रेकच्या एअर पाईपाला त्याहून जास्त, कारण ते नायलॉनचे असतात. हे अंतर रिकाम्या गाडीवर मोजून उपयोग नाही. भरल्या गाडीत पाटे दबतात, एक्सल वर येतो आणि रिकाम्या गाडीत ऐसपैस वाटलेली जागा उरत नाही.

डब्यावर पत्र्याचं झाकण लावायचं तर दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि मध्ये इंचभर फट सोडा. बंद झाकणात पाचट अडकतं आणि तिथंच तापत बसतं.

डबा आणि पाईप

डिझेलला काचलोकर भरलेला डबा घेऊ नका. काजळी आणि तेलकट धूर लोकरीत बसतो, ती आकसते, आणि वर्षभरात डबा रिकाम्या पिंपासारखा वाजायला लागतो. आत पडदे आणि भोकांच्या नळ्या असलेला, दोन थरांच्या पत्र्याचा डबा घ्या. उचलून हलवा, आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या.

पाईपाचा व्यास जुन्या पाईपावर कॅलिपर लावून मोजा आणि त्याहून कमी कधीही घेऊ नका. "दुकानात तीन इंचीच होता" हे कारण चालत नाही. चार इंचीच्या जागी तीन इंची टाकला की तेवढाच धूर बाहेर ढकलायला साधारण चौपट जोर लागतो. तो जोर इंजिन लावतं, डिझेल तुमचं जळतं, आणि पीयूसीला धूर काळा दिसतो. उलट "सायलेन्सर काढून टाका, ॲव्हरेज वाढतं" हा सल्लाही तितकाच चुकीचा. बरोबर मापाचा डबा टर्बोच्या गाडीला अडवत नाही. ॲव्हरेज तर वाढत नाहीच, वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड आणि तीन महिने लायसन्सवर गदा येऊ शकते. रात्री गावातून गाडी गेली की लेकरं झोपेतून उठतात, ते कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही, पण तेही लक्षात असू द्या.

वळणं वाकवलेल्या पाईपाची घ्या, व्यासाच्या दीडपट तरी गोलाई असलेली. पाईप तिरका कापून काटकोनात वेल्डिंग केलेलं वळण मी गाडीवर ठेवत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा जुना जीआय पाईप तर आणूच नका. शेतात पडलेला असतो म्हणून बरेच जण आणतात. त्याच्यावर जस्ताचा थर असतो, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिवाय तो जाड आणि जड असतो, सगळं वजन हँगरवर येतं.

अडथळा जास्त आहे का हे मोजता येतं. टर्बोपुढच्या सरळ पाईपावर एक नट वेल्ड करा, भोक पाडा, हातभर तांब्याची नळी लावा आणि तिच्या टोकाला पाणी भरलेली पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला तर अडथळा साधारण १० किलोपास्कल आहे. तुमच्या इंजिनाला किती चालतो ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. उभ्या गाडीवर फुल रेस दिली तरी चढाएवढा धूर निघत नाही, म्हणून हे माप जुना डबा आणि नवा डबा यांची तुलना करायलाच वापरा. माप झालं की भोक बोल्टानं बंद करा.

फ्लेक्सिबल: सगळं काम इथंच बिघडतं

गॅरेज सुरू केल्यावर पहिली काही वर्षं मी या एका जागी हरत होतो. एका दहाचाकीचा फ्लेक्सिबल तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला फाटायचा. मालक ओळखीचे, मला "मिस्त्री" म्हणून मान द्यायचे, आणि दर महिन्याला गाडी घेऊन दारात. मी प्रत्येक वेळी जास्त महागाचा फ्लेक्सिबल आणून बसवला. तोही फाटला, आणि नेहमी एकाच जागी: टोकाच्या पहिल्या घडीवर, केसासारखी बारीक गोल चीर, भोवती काजळीचं वलय.

एका रात्री फाटलेला फ्लेक्सिबल काढताना मागच्या फ्लेंजचा (पाईपाच्या टोकाला जोडासाठी असलेल्या बोल्टांच्या चकतीचा) शेवटचा बोल्ट सुटला आणि अख्खा पाईप ठण्णकन अंगठाभर बाजूला सरकला. तेव्हा मला कळलं. पाईप पहारीनं ओढून फ्लेंजवर आणायचा आणि बोल्ट आवळायचे, अशी माझी पद्धत होती. म्हणजे गाडी रस्त्याला लागायच्या आधीच फ्लेक्सिबल ताणलेला होता. खड्ड्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. दोष माझ्या हाताचा होता.

इंजिन रबरावर बसलेलं असतं, रेस दिली की डोलतं. चासी शेतातल्या चाकोरीत वेगळीच पिळवटते. या दोघांच्या मध्ये फ्लेक्सिबल असतो. तो वाकतो, थोडा सरकतो, हे सगळं सहन करतो. पीळ मात्र त्याला अजिबात सहन होत नाही. क्लॅम्प आवळताना पाईप दोन-चार अंश फिरला तरी तो पीळ कायमचा आत राहतो.

म्हणून क्रम असा. फ्लेक्सिबलच्या अलीकडचं सगळं, म्हणजे टर्बोचा एल्बो (वळणाचा तुकडा), एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून गाडी मंदावणारी झडप) आणि मधला तुकडा, इंजिनला किंवा गिअरबॉक्सला आधार द्या. फ्लेक्सिबलच्या पलीकडचं सगळं चासीला. अलीकडचा तुकडा चासीला बांधला तर फ्लेक्सिबल असून नसल्यासारखा होतो आणि टर्बोच्या बिडाला तडा जातो. मग डबा त्याच्या कायमच्या जागी रबर हँगरवर टांगा, बोल्ट ढिले ठेवा. टर्बोकडचा भाग पूर्ण आवळा. आता दोन्हीच्या मध्ये पाईप बसवून वेल्डिंगचे नुसते टाके मारा. फ्लेक्सिबल सगळ्यात शेवटी.

फ्लेक्सिबल बसवायच्या आधी या फ्लेंजपासून त्या फ्लेंजपर्यंत तीन लोखंडी पट्ट्या टाके मारून जोडून घ्या, म्हणजे वेल्डिंग करताना तो ताणलाही जाणार नाही आणि फिरणारही नाही. काम पूर्ण झालं की पट्ट्या कापा. विसरलात तर फ्लेक्सिबलचा दांडा झाला. वेल्डिंगच्या ठिणग्या घड्यांवर पडू नयेत म्हणून ओलं गोणपाट गुंडाळा. वेल्डिंग मशीनची अर्थची वायर त्याच पाईपाला, वेल्डिंगच्या जवळ लावा. लांब चासीला लावली तर करंट टर्बोच्या बेअरिंगमधून जाऊ शकतो. बॅटरीची टर्मिनलं काढून ठेवा.

आता खरी परीक्षा. फ्लेंजचे बोल्ट बोटानं आत गेले पाहिजेत. पहार लागली, हातोडी लागली, "जरा दाब रे" म्हणावं लागलं, तर टाके तोडा आणि पाईप पुन्हा बसवा. त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. मग फ्लेक्सिबलवर या फ्लेंजपासून त्या फ्लेंजपर्यंत खडूनं एक सरळ रेघ ओढा आणि आवळायला लागा, पुढून मागे. रेघ वाकडी झाली की पीळ बसला. ढिलं करा, परत आवळा. ही खडूची रेघ मी आता प्रत्येक गाडीला ओढतो, कितीही घाई असली तरी.

पहिला हँगर फ्लेक्सिबलच्या मागे वीतभर अंतरावर घ्या, म्हणजे पाईपाचं वजन त्याच्यावर लटकत नाही. मागचे हँगर मात्र ताठ करू नका. तीन मीटर लोखंडी पाईप ३०० अंशांनी तापला की साधारण एक सेंटिमीटर लांबतो. त्याला जायला जागा पाहिजे. दोन्ही टोकं चासीला पक्की आवळली तर तो सेंटिमीटर फ्लेक्सिबलच्या घड्यांत शिरतो, किंवा डब्याच्या नळीच्या वेल्डिंगला चीर पाडतो. एक जागा पक्की, बाकी रबरावर.

जोडांना यू क्लॅम्पपेक्षा फ्लेंज आणि पॅकिंग बरं. यू क्लॅम्प पाईप चेमटवतो आणि पुढच्या वेळी तो कटरशिवाय निघत नाही.

गाडी सोडायच्या आधी

थंड इंजिनावर जोडांना साबणाचं पाणी लावा, कुणाला तरी लाईनच्या शेवटच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर धरायला सांगा आणि बुडबुडे बघा. केबिनखालच्या जोडांवर जास्त वेळ द्या. क्लीनर रात्री केबिनमध्येच झोपतो आणि गळणारा धूर फटींतून वर जातो.

भरलेली एक खेप करून गाडी परत बोलवा. मांजरसुंब्याचा घाट चढून आलेली असेल तर उत्तम. इंजिन थंड होऊ द्या, बोल्ट एकदा आवळा, प्रत्येक जोडाभोवती काजळीचं वलय शोधा, आणि खडूची रेघ पुसली गेली नसेल तर ती अजून सरळ आहे का ते बघा.