गोव्यात एसी नेमका कितीवर ठेवायचा?

मे महिन्यात बाहेरून घामाघूम होऊन आलं की रिमोट घेऊन सरळ १८ वर नेणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. पण १८ लावलं म्हणून खोली लवकर थंड होत नाही, मशीन सुरुवातीला तसंही जोर लावूनच चालतं, फक्त १८ वर ते थांबायचं नाव घेत नाही आणि मग पहाटे सगळे चादरी ओढत बसतात.

साधारण हिशोब असा की बाहेरच्यापेक्षा ६-७ डिग्री कमी ठेवायचं, म्हणजे दुपारी पणजीत ३३ असेल तर आत २६-२७. (नागपूरला ४५ असताना हा हिशोब लावू नका, ३८ वर बसावं लागेल!) आपल्याकडे पारा तेवढा चढत नाही, त्रास असतो तो दमट हवेचा, घाम सुकतच नाही. म्हणून आकडा खाली ओढण्यापेक्षा २६ वर ठेवून सीलिंग फॅन हळू लावा, अंगाला वारा लागला की तेच २६ बरंच थंड वाटतं. रात्री बाहेरच २६-२७ असतं त्यामुळे हा हिशोब तेव्हा चालत नाही, तेव्हा २६ लावा आणि स्लीप मोड चालू करा, तो स्वतःच हळूहळू एखाद-दोन डिग्री वर नेतो.

पावसाळ्यात ड्राय मोड वापरा, रिमोटवर थेंबाचं चित्र असतं तो. जुलैत बाहेर २७ च्या आसपास आणि हवा पाण्याने भरलेली, तेव्हा २० लावलं तर खिडकीच्या काचा बाहेरून धुरकट होतात, दार उघडं राहिलं की लादी ओलसर लागते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते ती वेगळीच.

२०२० पासून स्टारवाले नवीन एसी चालू केले की आधी २४ दाखवतात, पण तिथेच ठेवायला पाहिजे असं काही नाही, वर न्या बिनधास्त. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर २६-२७ बरं, आणि झोत थेट अंगावर नको.

एवढं करूनही २६ वर गारवा येत नसेल तर आकडा कमी करण्याआधी फिल्टर काढून धुवा, आणि घर कळंगुट-कोलव्यासारखं समुद्राजवळ असेल तर मेकॅनिकला बाहेरचं युनिट दाखवा, खारं वारं कॉइल खातं.