फुकटचे संगणक, परदेशी नेटवर्क आणि गावातलं केंद्र: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्याआधी गगनबावड्याकडच्या एका ‘ड’ वर्ग वाचनालयाच्या सेक्रेटरींचा फोन आला. “सर, बाहेरच्या देशातली एक संस्था दहा कॉम्प्युटर फुकट द्यायला लागलीया. घेऊ न्हवं?” मी विचारलं, लाईट किती तास असते? तिकडे शांतता. चालवणार कोण? “हाय की पोरगं एक.”

या ‘पोरगं एक’वर बुडालेली केंद्रं मी करवीरपासून चंदगडपर्यंत पाहिली आहेत. त्यातल्या एकाच्या बुडण्यात माझाही हात होता. तालीम काही लाल मातीने चालत नाही, वस्तादाने चालते, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. संगणक केंद्राच्या बाबतीत मात्र आपण मातीच मागत बसतो.

नेटवर्क म्हणजे पैशाची पेटी, हा समज

पहिली चूक इथेच होते. १९८५ मध्ये स्वीडनमधल्या वेमदालेन नावाच्या खेड्यात पहिलं ‘टेलिकॉटेज’, म्हणजे गावाने मिळून वापरायचं संगणक केंद्र, निघालं आणि ती कल्पना पुढे विकसनशील देशांत पसरली. केंद्रं वाढली तशी त्यांना एकमेकांशी जोडणारी नेटवर्कं आली. २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक माहिती समाज परिषदेच्या वेळी टेलिसेंटर डॉट ऑर्ग सुरू झालं. विकासाच्या संशोधनाला पैसा देणारी कॅनडा सरकारची आयडीआरसी, स्विस सरकारची विकास संस्था आणि मायक्रोसॉफ्ट असे तिघे त्यामागे होते. २०१० मध्ये त्याचं फाउंडेशन होऊन कारभार फिलिपिन्सला गेला. केंद्रचालकांना शिकवणं, देशोदेशी त्यांची स्थानिक नेटवर्कं उभी करणं, एकाला आलेलं शहाणपण दुसऱ्याकडे पोचवणं हे त्याचं मुख्य काम. १९९० पासून चालणारी असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स, म्हणजे एपीसी, गावाने स्वतःचं इंटरनेटचं जाळं कसं उभारावं यात मदत करते. टेकसूप नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना सॉफ्टवेअर सवलतीत मिळवून देते. ब्रिटनची कॉम्प्युटर एड जुने संगणक दुरुस्त करून पुढे देते.

चार दुकानं, चार वेगळे माल. आपल्याकडे मात्र एकच इंग्रजी अर्ज टाईप करून चौघांनाही धाडतात, आणि उत्तर आलं नाही की “त्यांच्यात सगळं सेटिंग असतंय” म्हणतात.

गरज आधी न विचारणं

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडतं. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिवारात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकाने जोडायची होती. तेव्हा देशभर त्याचा गाजावाजा झाला. पुढच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातली मंडळी वारणेत आली आणि गावातल्या संगणकाचं काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होतं का ते पाहू लागली. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. उसाच्या कारभारासाठी त्या संगणकावर जे होत होतं, ते सगळं मोबाइलवर झालं. तेही स्वस्तात आणि सोयीने, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं.

मी ही गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, “म्हणजे कॉम्प्युटर नकोच म्हणताय?” तसं नाही. आपल्या उसाचं काय झालं हे शेतकऱ्याला कळायला हवं होतं. ते कळण्याचं साधन बदललं तरी त्याचं काही अडत नव्हतं.

पुदुच्चेरीची गोष्टही अशीच आहे. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या फाउंडेशनने आयडीआरसीच्या मदतीने तिथे गावोगाव माहिती केंद्रं काढली. वीरमपट्टिणम या कोळ्यांच्या गावात केंद्रचालक अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घ्यायचे आणि भोंग्यावरून गावाला ऐकवायचे. पैसा कॅनडाचा, माहिती अमेरिकेची, पण केंद्र चाललं त्या भोंग्यामुळे.

तेव्हा अर्ज लिहिण्याआधी आठवडाभर ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसा आणि तालुक्याला हेलपाटा कोण कशासाठी घालतं ते वहीत लिहा. पीएम किसानची केवायसी, नोव्हेंबरमधला पेन्शनरांचा हयातीचा दाखला, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज. यातलं बरंचसं काम गावातलं आपले सरकार केंद्र करतच असेल, तर तेच दुकान समोर मांडू नका.

कायद्याकडे काणाडोळा

इथे नीट थांबा, कारण इथली चूक महागात पडते. परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे एफसीआरए (२०१०), फक्त पैशापुरता आहे असं बहुतेकांना वाटतं. परदेशातून आलेली वस्तूही त्यात ‘देणगी’च धरली जाते. म्हणजे ते दहा फुकटचे संगणकसुद्धा. शिवाय वापरलेले संगणक देशात आणायला आयातीची वेगळी परवानगी लागते.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. वाचनालयाला हे जमणं अवघडच. ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागण्याचा दुसरा रस्ता आहे. पैसा येणार असेल तर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

मग सुचते ती हमखास कोल्हापुरी युक्ती: “शहरातल्या मोठ्या ट्रस्टकडे एफसीआरए हाय, त्यांच्या नावावर घेऊया, मग ते आपल्याला वळतं करतील.” २०२० च्या दुरुस्तीनंतर हे चालत नाही. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरी. मोठ्या ट्रस्टने तुमच्या गावात स्वतःचं केंद्र म्हणून ते चालवलं तर गोष्ट वेगळी. पण ते खरोखर त्यांनीच चालवायचं, कागदापुरतं नाही. सीएला विचारल्याशिवाय होकाराचा मेल पाठवू नका.

प्रशिक्षणाला अध्यक्ष जातात

नेटवर्ककडून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रशिक्षण, आणि आपण ती सगळ्यात जास्त वाया घालवतो. निमंत्रण येतं, राहण्याजेवणाची सोय असते, मग अध्यक्ष जातात. नाहीतर अध्यक्षांचा भाचा. येताना फोटो येतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि प्रिंटर अडकला की तेच ‘पोरगं एक’ यूट्यूब बघत बसतं.

आमच्या केंद्रात मी याच्याही पुढची चूक केली होती. नेटवर्कचा पत्रव्यवहार, सॉफ्टवेअरचे परवाने, राऊटरचा पासवर्ड, सगळं चालवणाऱ्या मुलाच्या खासगी जीमेलवर. त्याला पुण्यात नोकरी लागली. मुलगा गुणी, त्याने फसवलं वगैरे काही नाही. नवा फोन घेतला, नंबर बदलला, आणि खातं उघडेना. सहा महिने आम्ही आमच्याच केंद्राच्या दाराबाहेर. त्यामुळे संस्थेच्या नावाचा वेगळा ईमेल काढा, त्याला जोडलेला नंबर संस्थेचा ठेवा, पासवर्ड पाकिटात घालून कपाटात टाका आणि एकाला दोन चालक तयार करा. दुसरी शक्यतो गावातली सून किंवा बचत गटातली बाई असू द्या. ती पुण्याला जाण्याची शक्यता कमी, आणि ती बसली की दुपारी बायका आपणहून येतात. संध्याकाळी पोरांचा कट्टा भरला की एकही मुलगी आत पाऊल टाकत नाही, हे वेळापत्रक लावताना ध्यानात ठेवा.

रोजच्या कुरबुरी

नेट आहे पण सगळं रांगतंय? बहुतेक वेळा दहाही मशीन एकाच वेळी विंडोजचं अपडेट उतरवत असतात. सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ सुरू केलं की एका मशीनने घेतलेलं अपडेट बाकीची तिच्याकडून घेतात.

जुनी मशीन विंडोज १० वर असतील तर त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. देणगीदार नेमकी हीच मशीन काढून टाकतात, हे ओळखा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली टाकली तर बऱ्याच मशीन तगतात. नाहीतर ई-कचरा आपल्या दारात येऊन पडतो.

नेटच नसेल तर किविक्स हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवला की इंटरनेटशिवाय उघडतो. कोलिब्री हे धड्यांचं सॉफ्टवेअर एका मशीनवर घातलं की बाकीची मशीन आतल्या तारेवरून धडे घेतात.

मराठी फाइल दुसरीकडे उघडली की चौकोन आणि भलतीच अक्षरं दिसतात? ती जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते. पहिल्या दिवसापासून युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखीच उघडणारी अक्षरं) आणि त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. जुने टायपिस्ट कुरकुरतील, कुरकुरू द्या.

अर्थिंग तपासल्याशिवाय एकही प्लग लावायचा नाही. वळवाच्या एका विजेत राऊटर, स्विच आणि दोन मदरबोर्ड गेलेले मी पाहिलेत.

नेटवर्कला पाठवायच्या अहवालात ‘५०० लाभार्थी’ असा गोल आकडा टाकू नका. “दुपारी केंद्र रिकामं असतं, तुमच्याकडे कुणी यावर काय केलं?” असं लिहा. केंद्रचालकांशी रोज बोलणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर देता येतं, गोल आकड्यावर त्याला काय बोलता येणार?

आणि केंद्र शिरोळकडे किंवा पंचगंगेच्या काठी असेल तर २०१९ चा महापूर विसरू नका. सीपीयू जमिनीवर ठेवायचा नाही, जुलै लागला की बॅकअपची डिस्क पूररेषेबाहेरच्या पाहुण्याच्या घरी ठेवायची, आणि पाणी वाढायला लागलं की मॉनिटरकडे न बघता आधी सीपीयू उचलायचे.