नव्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी लँग्वेज सर्व्हर कसा लिहावा

नवी प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्याने कंपायलर कितीही मन लावून लिहिला, तरी एडिटरमध्ये चुकीखाली लाल रेघ उमटत नसेल, तर बहुतेक लोक ती भाषा एकदा चाळून बाजूला ठेवतात. पूर्वी ही सोय प्रत्येक एडिटरसाठी वेगळी लिहावी लागे आणि दोन-तीन जणांच्या चमूला ते झेपत नसे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये रेड हॅट आणि कोडेनव्ही यांच्या साथीने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेची जाण असलेला वेगळा प्रोग्रॅम (लँग्वेज सर्व्हर) यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम, जाहीर केला आणि हे गणितच बदलले: १० भाषा आणि ५ एडिटर यांच्यासाठी ५० जोडण्यांऐवजी १५ पुरू लागल्या. आज व्हीएस कोड, निओव्हिम, ईमॅक्स आणि हेलिक्स हे सारे हा प्रोटोकॉल जाणतात.

सुरुवात चुका दाखवण्यापासूनच करावी. नावे सुचवणे, व्याख्येवर उडी मारणे हे नंतर. एडिटर तुमचा सर्व्हर सुरू करतो आणि बहुधा स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून त्याच्याशी जेसन-आरपीसी (जेसन मजकुरातून विनंती आणि उत्तर पाठवण्याची पद्धत) संदेशांनी बोलतो. पहिल्या 'इनिशियलाइझ' विनंतीला आपल्याला काय काय येते ते कळवावे, मग फाइल उघडल्याचा किंवा बदलल्याचा संदेश आला की पार्सर (कोडची रचना ओळखणारा भाग) चालवून सापडलेल्या चुका पाठवाव्यात. टाइप होत असलेला कोड जवळजवळ नेहमीच अर्धवट असतो, म्हणून पहिल्या चुकीपाशी थांबणारा पार्सर इथे उपयोगाचा नाही. तपासणीसाठी काही छापायचे असल्यास ते स्टँडर्ड एररवर छापावे, नाहीतर संदेशांचा प्रवाह बिघडतो.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती स्थानांची. ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजतात आणि स्तंभ ठरलेल्या रीतीप्रमाणे यूटीएफ-१६ एककांत असतो. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या दोन पद्धती आहेत. 'नमस्ते' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेतो, यूटीएफ-१६ मध्ये मात्र ६ एकके. कंपायलरने दिलेले बाइटचे स्थान तसेच पुढे पाठवले, तर त्या शब्दानंतरच्या चुकीची रेघ १२ घरे उजवीकडे सरकते. केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीच्या फाइलमध्ये मराठी मजकूर आणि एखादे इमोजी अवश्य ठेवावे. प्रोटोकॉलच्या आवृत्ती ३.१७ पासून यूटीएफ-८ ठरवून घेता येते, पण एडिटर ते मान्य करेलच असे नाही. याउलट संदेशाच्या शीर्षातील 'कंटेंट-लेंग्थ' बाइटमध्येच मोजावी लागते. तिथे अक्षरे मोजली, तर मराठी मजकूर असलेला संदेश मध्येच तुटतो.

एडिटरमध्ये कोड रंगीत दिसावा यासाठी ट्री-सिटर या पार्सर बनवणाऱ्या साधनाचे व्याकरण लिहावे. व्हीएस कोडसाठी टेक्स्टमेट (एक जुना एडिटर) पद्धतीचे वेगळे व्याकरण लागते. आणि सर्व्हर शक्यतो कंपायलरच्याच फाइलमध्ये द्यावा. ग्लीम या भाषेने तसे केले आहे, त्यामुळे भाषा बसवली की सर्व्हर सोबतच येतो आणि दोघांच्या आवृत्त्या जुळवत बसावे लागत नाही.