दशावताराची रेकॉर्डिंग आणि गायब होणारी हार्ड डिस्क

मालवणात आमच्या टीव्हीला मीडिया प्लेअर जोडलेला आहे. त्याच्या हार्ड डिस्कवर गावच्या जत्रेतल्या दशावताराची आणि भजनांची कित्येक वर्षांची रेकॉर्डिंग आहेत. ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. त्यामुळे डिस्क टकटक करत मध्येच गायब व्हायला लागली तेव्हा जीव खालीवर झाला.

दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क गेली. पण लॅपटॉपला लावली की तीच डिस्क नीट चाले! म्हणजे दोष डिस्कचा नव्हताच. प्लेअरचा पोर्ट यूएसबी २.० चा. त्यातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००. आतली तबकडी फिरायला लागते त्या क्षणी करंट जास्त लागतो; तो अपुरा पडला की डिस्क बंद. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला आणि टकटक थांबली.

मग डिस्कचा फॉरमॅटही, म्हणजे तिच्यावर फायली साठवायची पद्धत, बदलला: एक्सफॅटऐवजी एनटीएफएस. पावसात इकडे वीज कधीही जाते, आणि एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणं) नसल्याने कॉपी चालू असताना वीज गेली तर फायली बिघडायचा धोका जास्त. एनटीएफएसमध्ये ते असतं, माझा प्लेअर ते वाचतोही. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मगच फॉरमॅट केला. फॅट३२ हा जुना फॉरमॅट मात्र नकोच: ४ जीबीची फाईलही त्यात मावत नाही, रात्रभराचं नाटक कुठून मावणार?

दुसरी डिस्क आता बहिणीकडे कोल्हापूरला ठेवली आहे, खाऱ्या हवेपासून लांब.