घसा धरलाय? स्ट्रेपच्या बाबतीत या चुका टाळा

थंडी सुरू झाली की मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं: "घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची पट्टी द्या." ती पट्टी अझिथ्रोमायसिनची, म्हणजे जिवाणूंवरच्या औषधाची, आणि बहुतेक वेळा ती फुकट जाते. घसादुखी बहुतांशी विषाणूंची असते. लहान मुलांच्या दर १० घसादुखींपैकी दोन-तीन स्ट्रेप जिवाणूच्या निघतात, मोठ्यांत जेमतेम एखादी. बाकीच्यांना गोळ्या न घेताही बरं वाटलंच असतं. पण श्रेय पट्टीला मिळतं आणि पुढच्या वेळी तीच मागितली जाते.

नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांवर निदान करू नका

नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर स्ट्रेपची शक्यता कमी. स्ट्रेपमध्ये घसा अचानक धरतो, चांगला ताप भरतो, थुंकी गिळायचीही नको होते आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो जास्त. त्यांना कधी पोटदुखी आणि उलट्याही होतात.

मोबाइलच्या टॉर्चमध्ये टॉन्सिलवर पांढरं दिसलं, तरी ते विषाणूमुळेही असू शकतं. म्हणून घशाचा स्वॅब. रॅपिड टेस्टचा निकाल काही मिनिटांत, कल्चरचा (नमुन्यातले जिवाणू वाढवून बघतात त्याचा) एक-दोन दिवसांत. टेस्टची सोय नसेल तिथे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. मात्र घशात राखाडी, चिकटून बसलेला पापुद्रा दिसला आणि मान सुजली असेल, तर घटसर्पाची शंका घ्यायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या दिवशी औषध बंद

ही चूक सर्वांत महागात पडते. स्ट्रेपचा घसा औषधाशिवायही साधारण आठवड्याभरात बरा होतो, मग १० दिवस अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन कशाला? हृदयासाठी. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो: आज गुडघा, उद्या घोटा सुजतो. जिवाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते आणि झडप कायमची खराब होऊ शकते. भारतात हा आजार अजून गेलेला नाही. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध चालू झालं तर हा धोका टळतो, त्यामुळे कल्चरसाठी एखादा दिवस थांबायला हरकत नसते.

औषध अर्धवट राहण्याचं एक साधं कारण म्हणजे सिरपची छोटी बाटली. दहा दिवसांना ती पुरत नाही. संपली की कोर्सही संपला असं घरात धरलं जातं. किती बाटल्या लागतील ते आधीच विचारा. दुसऱ्या बाटलीतल्या पावडरीत पाणी गरज पडेल तेव्हाच घाला, कारण कालवलेलं औषध थोडेच दिवस टिकतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, वेगळं औषध मिळतं.

एएसओचा रिपोर्ट घेऊन घाबरणं

एएसओ ही स्ट्रेपविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी. ते वाढलेलं म्हणजे पूर्वी कधीतरी स्ट्रेप होऊन गेला, एवढंच. आजच्या घसादुखीचं निदान त्यावरून होत नाही. निव्वळ त्या आकड्यापायी मुलाला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करायचं नसतं. संधिवाताचा ताप होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी; त्यांनी ती इंजेक्शनं चुकवू नयेत.

गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमध खुशाल चालू ठेवा, आराम पडतो. मुलांना ॲस्पिरिन मात्र नको. लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, श्वास लागतोय, तर घशात चमचा घालून बघत बसू नका, थेट हॉस्पिटल. नंतरच्या आठवड्यांत चेहरा सुजला, लघवी चहासारखी झाली किंवा सांधे धरले, तर डॉक्टरांना घसादुखीचंही आवर्जून सांगा.

शाळेचं म्हणाल, तर औषध सुरू होऊन एक दिवस झाला आणि ताप उतरला की पाठवता येतं. घरातल्या बाकीच्यांना काही त्रास नसेल, तर सहसा त्यांना ना टेस्ट लागते, ना गोळी.